कालिंजरची लेक: राणी दुर्गावती

अकबर बादशहाच्या दरबारात अबुल फजल नावाचा मोठा विद्वान होता. त्याने अकबराच्या राज्याचा इतिहास लिहिला, त्याचे नाव अकबरनामा. जिंकणाऱ्याच्या बाजूने लिहिलेला ग्रंथ, त्यामुळे हरलेल्यांचे कौतुक त्यात फारसे सापडेल असे कुणाला वाटणार नाही. पण गढा-कटंगा राज्याच्या एका राणीचा विषय येतो तेव्हा अबुल फजलची लेखणी जरा वेगळी चालते. ही राणी बंदूक आणि धनुष्य दोन्ही उत्तम चालवत असे, सारखी शिकारीला जात असे, आणि अमुक ठिकाणी वाघ आलाय अशी खबर मिळाली की त्याला मारल्याशिवाय पाण्याचा घोटही घेत नसे, असे त्याने नोंदवून ठेवले आहे.

ही राणी म्हणजे दुर्गावती. तिच्याबद्दल आपल्याला जे शिकवतात ते बहुतेक तिच्या शेवटच्या दिवसाचे. हत्तीवर बसलेली राणी, कानशिलात बाण, हातात खंजीर. आमच्या शाळेत एका वर्षी तिच्यावर नाटिका झाली, त्यातही पडदा उघडला तो थेट रणांगणावरच. मला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. सोळाव्या शतकात राजघराण्यातल्या मुलीच्या हातात पहिल्यांदा धनुष्य दिले कुणी? वाघासमोर न डगमगता उभे राहायला तिला कुठे शिकायला मिळाले? बुंदेलखंडात याचे उत्तर अजून सांगतात. वडिलांनी दिले, आणि जंगलात मिळाले. म्हणून यंदाच्या मराठी पानासाठी मी हाच विषय घेतला.

दुर्गावती चंदेल घराण्यातली. खजुराहोची देवळे ज्यांनी बांधली तेच हे चंदेल. तिचा जन्म ५ ऑक्टोबर १५२४ चा मानतात. त्या दिवशी दुर्गाष्टमी होती म्हणून नाव दुर्गावती, अशी परंपरा आहे. तिच्या वडिलांना अबुल फजल राठ आणि महोब्याचा राजा शालिवाहन म्हणतो, तर लोकांच्या तोंडी त्यांचे नाव कीरतराय असे आहे आणि त्यांची गादी कालिंजरची.

कालिंजरचा किल्ला आज उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात आहे. विंध्याच्या एका सुट्या, सपाट माथ्याच्या डोंगरावर तो उभा आहे. वर जायला एकापाठोपाठ एक सात दरवाजे, माथ्यावर नीलकंठाचे देऊळ आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी. गझनीचा महमूद इथे येऊन गेला आणि किल्ला न घेताच परतला. पण दुर्गावती जन्मली तोपर्यंत चंदेलांचे ते दिवस संपले होते. मोठ्या राज्याचे छोटे संस्थान झाले होते. नाव मोठे, खजिना रिकामा. अबुल फजलनेही या घराण्याची परिस्थिती हलाखीची होती असे स्पष्ट लिहिले आहे. मला वाटते, ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ज्या घरी भरपूर सैन्य असते तिथे राजकन्येने शिकार केली तर ती हौस म्हणून खपते. इथे तसे नव्हते.

किल्ल्याच्या खाली, दक्षिणेला पन्न्याच्या बाजूला, जंगल सुरू होते. साग, तेंदू, मोह, खैर. उन्हाळ्यात पाने गळून सगळे करडे होते आणि पाणी फक्त ओढ्यांच्या डोहात उरते. वाघ, बिबट्या, अस्वल, सांबर, चितळ, रानडुक्कर सगळे तिथे. वाघ गावातली गुरे न्यायचा, कधी माणूसही. त्याचा बंदोबस्त करणे हे राजाचे काम मानले जाई, जसे चोरदरोडेखोरांचा बंदोबस्त करणे. लोककथा सांगते की राजा शिकारीला निघाला की मुलगी हट्ट करून बरोबर जायची, आणि राजाने तिला कधी मागे ठेवले नाही. घोड्यावर बसणे, धनुष्य ओढणे, पुढे बंदूक, हे सगळे ती त्या वाटांवरच शिकली.

आता इथे थोडे थांबून शिकार म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्याला वाटते की शिकार म्हणजे नेम धरायचा आणि चाप ओढायचा. नेम हा त्यातला सगळ्यात छोटा भाग.

पहिली गोष्ट वाऱ्याची. वारा आपल्याकडून सावजाकडे वाहत असेल तर हरणाला आणि सांबराला आपला वास आधीच पोचतो, मग कितीही दबकत जा, उपयोग नाही. म्हणून आधी चिमूटभर माती हातातून सोडून पाहायची आणि वारा तोंडावर घेऊन पुढे सरकायचे. दुसरी गोष्ट माग. ओल्या वाळूत उमटलेला पंजा ताजा आहे की कालचा, कडा अजून धारदार आहेत की ढासळल्यात, त्यावरून मुंगी किंवा किडा चालून गेलाय का, हे बघायचे. तिसरी गोष्ट कान. वाघ दिसण्याआधी ऐकू येतो, आणि तोही स्वतःच्या आवाजाने नाही. झाडावरचे वानर खाकरते, चितळ किंचाळते, सांबर ढांक करून ओरडते. हे आवाज एका ओळीत पुढे सरकू लागले की वाघ कुठून कुठे चाललाय त्याचा नकाशा न बघता कळतो.

आणि बंदूक? त्या काळची बंदूक तोड्याची. आधी नळीत दारू ओतायची, मग गोळी, मग गजाने ठासायचे, कानात बारीक दारू घालायची आणि धुमसत्या तोड्याने ती पेटवायची. एक बार झाला की पुन्हा भरायला बराच वेळ जातो, आणि वाघ तेवढा वेळ देत नाही. हवा दमट असेल तर दारू पेटेलच याची खात्री नाही. तोड्याच्या जळक्या वासाने सावज बिथरते म्हणून पुन्हा वाऱ्याचा हिशोब. म्हणजे एकच गोळी आहे असे धरून चालायचे, आणि वाघ योग्य जागी येईपर्यंत हात आवरायचा. आम्हाला रेंजवर पॉइंट टू टू रायफल देतात, पाच राउंड देतात, आणि तरी पहिला राउंड घाईत जातो. समोर तर नुसता कागद असतो.

शिवाय वाघाची शिकार एकट्याने होत नाही. एका बाजूने हाकारे ढोल वाजवत, आरडाओरडा करत जंगल उठवतात. दोन्ही बाजूंना झाडांवर माणसे बसवतात, वाघ बाजूला वळू लागला तर त्यांनी नुसते खोडावर ठकठक करायचे. जिथे दरी अरुंद होते, जिथून वाघाला जावेच लागेल, तिथे बंदूकवाला बसतो. जागा चुकली तर शंभर माणसांची दिवसभराची मेहनत वाया, नाहीतर एखाद्या हाकाऱ्याचा जीव जातो. म्हणून राजाबरोबर शिकारीला जाणारी मुलगी डोंगर, नाला आणि खिंड यांचा उपयोग शिकत होती. माणसे कुठे लावायची, कुणाला कधी हलवायचे आणि कुणाला गप्प बसवायचे, हे शिकत होती. जुन्या राजांच्या काळात शिकारीला युद्धाची शाळा म्हणत ते यामुळे.

हे मला पुस्तकातून थोडे कळले आणि बाबांकडून जास्त. मी चंद्रपूरची. माझे बाबा वनरक्षक आहेत. ते मला पाणवठ्यावर घेऊन जायचे तेव्हा मी तिसरीत होते. बंदूक नाही, हातात फक्त काठी आणि खांद्याला पाण्याची बाटली. नराच्या मागच्या पंजाचा ठसा चौकोनी, मादीचा लांबट, हे मला बेरीज-वजाबाकीच्या आसपासच समजले. पुढे २०२१ मध्ये देशभरच्या सैनिक शाळांमध्ये मुलींना सहावीत प्रवेश मिळू लागला, तेव्हा बाबांनीच फॉर्म आणला. एका नातेवाइकांनी विचारले, पोरीला एवढ्या लांब कशाला पाठवता? बाबा नुसते हसले आणि फॉर्म भरत राहिले. दुर्गावतीच्या वडिलांनाही कुणीतरी असेच विचारले असणार. राजाला तोंडावर विचारले नसेल, पण मागे बोलले असतीलच. कालिंजर काय आणि चंद्रपूर काय, गावे सगळी सारखीच.

१५४२ च्या सुमारास दुर्गावतीचे लग्न गढा-कटंग्याचा राजा संग्रामशहा याचा मुलगा दलपतशहा याच्याशी झाले. संग्रामशहा गोंड. त्याच्या ताब्यात बावन्न गढ होते असे सांगतात. चंद्रपूर आणि देवगडला गोंडांची स्वतंत्र राज्ये होती, हे आम्हा विदर्भातल्या मुलांना माहीत असते, कारण चंद्रपूरचा परकोट आम्ही रोज बघतो. गढ्याचे राज्य त्यांच्या उत्तरेला, आजच्या जबलपूर, मंडला, दमोह, नरसिंहपूरच्या मुलखात. राजपुतांच्या दृष्टीने गोंड बरोबरीचे नव्हते. त्यामुळे या लग्नाच्या दोन गोष्टी आहेत. लोककथेत दुर्गावतीने दलपतशहाच्या पराक्रमावर भाळून त्याला स्वतः निवडले. अबुल फजलच्या मते तिच्या वडिलांवर वाईट दिवस आले होते आणि संग्रामशहा श्रीमंत होता. मला लोककथा आवडते, पण रिकाम्या खजिन्याची गोष्टही खोटी वाटत नाही. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

लग्नानंतर तिचे घर सिंगोरगड. इकडे माहेरी १५४५ मध्ये शेरशहा सूर याचा कालिंजरला वेढा पडलेला होता. मे महिन्यात दारूगोळ्याचा स्फोट होऊन शेरशहा स्वतःच तिथे भाजून मेला, पण त्याच्या सैन्याने किल्ला घेतला. ज्या वाटांवर ती वडिलांच्या मागून चालायला शिकली त्या वाटा परक्यांच्या झाल्या. त्याच सुमारास तिला मुलगा झाला, वीरनारायण. तो पाच वर्षांचा असताना दलपतशहा वारला.

म्हणजे पंचविशीच्या आसपासची विधवा, पाच वर्षांचा राजा आणि भोवती टपलेले शेजारी. दुर्गावतीने मुलाच्या नावाने कारभार हाती घेतला. आधार कायस्थ आणि मान ब्राह्मण हे दोन मंत्री तिच्या बरोबर होते. राजधानी तिने सातपुड्यातल्या चौरागडला हलवली, जो जागेने जास्त मजबूत होता. पुढची सुमारे पंधरा वर्षे तिने राज्य केले आणि ते नुसते टिकवले नाही, वाढवले. तिच्याकडे वीस हजार घोडदळ आणि एक हजार हत्ती होते असा आकडा अबुल फजल देतो. माळव्याचा बाजबहादूर चालून आला, त्याला तिने हरवून परत पाठवले. जबलपुरात राणीताल नावाचा भाग आहे, तिथला तलाव तिने बांधला असे मानतात. चेरीताल तिच्या दासीचा आणि आधारताल मंत्री आधारचा. जबलपूरच्या बसवर आजही या नावांच्या पाट्या असतात.

या सगळ्या वर्षांत शिकार चालूच राहिली. वाघाची खबर आणि पाणी न पिण्याची रीत याच काळातली. काही जण हे तिच्या हट्टी स्वभावाचे लक्षण मानतात. मला यात वेगळे दिसते. खबर आणतो तो गावातला माणूस. त्याचा बैल गेलेला असतो किंवा घरातले कुणी. तो घाबरत घाबरत राजवाड्यात येतो. तेव्हा राणी आधी जेवते, मग विश्रांती घेते, मग बघू म्हणते, असे झाले तर त्याने काय समजायचे? ही राणी पाणीही न पिता उठते. वाघाला मारेपर्यंत तिला तहान त्याच्याइतकीच लागलेली असते. हे तिने वडिलांना करताना पाहिले असेल असे मला वाटते, कारण अशी सवय कुणी सांगून लागत नाही.

आज कुणी वाघ मारला तर तो गुन्हा आहे आणि असायलाच हवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. तरी चोरून मारणारे आहेतच. दुर्गावतीच्या माहेरचे जंगल म्हणजे आजचा पन्ना व्याघ्र प्रकल्प, तिथे २००९ पर्यंत एकही वाघ उरला नव्हता. मग बांधवगड आणि कान्हाहून वाघ आणून सोडले, आणि आता तिथे पुन्हा बछडी वाढतात. बाबा म्हणजे याच खात्यातले, त्यामुळे मला हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दुर्गावतीच्या काळी जंगल अफाट होते आणि शेती त्यातली छोटी बेटे. आता बरोबर उलटे आहे.

१५६४ साली अकबर बावीस वर्षांचा होता. कड्याचा त्याचा सुभेदार आसफखान याची नजर गढ्याच्या संपत्तीवर होती. तो दहा हजार घोडदळ घेऊन दमोहपर्यंत आला तेव्हा राणीच्या फौजेतले लोक आपापल्या बायकामुलांना सुरक्षित जागी हलवायला पांगले आणि तिच्याजवळ अवघे पाचशे उरले. आधारने तिला परिस्थिती सांगितली. तिने माघार घ्यायला नकार दिला. पण वेडेपणाने उघड्या मैदानातही गेली नाही. जंगलाच्या आडोशाने फिरत, माणसे गोळा करत, गढ्याच्या पूर्वेला नर्रई नावाच्या जागी ती आली.

नर्रईची जागा नकाशावर बघा. चारी बाजूंनी डोंगर, एका बाजूला गौर नदी, दुसऱ्या बाजूला नर्मदा, आणि आत यायला अरुंद खिंड. हाक्यात बंदूकवाला जिथे बसतो तशीच जागा. कमी माणसांनी जास्त माणसांना अडवायचे तर याहून चांगली जागा त्या मुलखात शोधून सापडणार नाही.

पहिल्या दिवशी मोगलांच्या पुढच्या तुकडीने खिंडीचे तोंड घेतले. हत्तीदलाचा फौजदार अर्जुनदास बैस तिथे लढताना पडला. राणी चिलखत आणि शिरस्त्राण घालून हत्तीवर बसली. आणि इथे तिने जो हुकूम दिला तो मी तीन वेळा वाचला. घाई करू नका, शत्रूला खिंडीत पूर्ण आत येऊ द्या, मग सगळीकडून एकदम तुटून पडा, असा त्याचा अर्थ. स्वतःचा फौजदार पडलेला, सैनिक चिडलेले, समोर शत्रू पुढे सरकतोय, आणि सेनापती सांगतो की थांबा. वाघ योग्य जागी येईपर्यंत हात आवरायचा, हे तिने लहानपणीच अंगात मुरवले होते. घडलेही तिने सांगितले तसेच. मोगलांचे सुमारे तीनशे लोक पडले आणि बाकीचे पळाले. राणीने त्यांचा खिंडीबाहेरपर्यंत पाठलाग केला.

संध्याकाळी तिने सरदारांना बोलावून मत विचारले. तिचे स्वतःचे मत ठरलेले होते. याच रात्री शत्रूच्या तळावर छापा घालायचा. नाहीतर सकाळी आसफखान स्वतः येईल, खिंडीचे तोंड धरेल, तिथे तोफा बसवेल, आणि मग आजचे सोपे काम अवघड होऊन बसेल. सरदारांपैकी एकानेही तिला साथ दिली नाही. कुणाला दिवसभराच्या लढाईने थकवा आला असेल, कुणाला रात्रीचा हल्ला योग्य वाटला नसेल, काहींना तर वाटले असेल की आपण जिंकलोच आहोत. जखमी वाघाला रात्रभर मोकळा सोडू नये, हे जंगलात राहणाऱ्या कुठल्याही माणसाला कळते. शिकारीला गेलेली ती होती. दिवाणखान्यात बसून तिला सल्ला देणारे बहुतेक गेले नसावेत.

मला दुर्गावतीच्या आयुष्यातला सगळ्यात कठीण क्षण हाच वाटतो, दुसऱ्या दिवशीचा नाही. आपल्याला बरोबर काय ते दिसते आहे, वेळ हातात आहे, आणि ज्यांच्यावाचून ते करता येत नाही ते ऐकत नाहीत. तिने रागाने एकटीने छापा घातला नाही. त्यांना सोडून निघूनही गेली नाही. तळावर परतली, पडलेल्यांच्या घरच्यांचे सांत्वन केले आणि सकाळची वाट पाहिली. आमच्या इथे लीडरशिपवर तासच्या तास होतात. या रात्रीवर एक तास ठेवला तर मी पहिल्या बाकावर बसेन.

सकाळी तिने सांगितले होते तसेच झाले. आसफखानाने खिंडीच्या तोंडाशी तोफा आणून बसवल्या आणि फौज आत घुसली. परंपरा सांगते की मागची नदीही पावसाने फुगली होती आणि मागे हटायची वाट बंद झाली होती. तारीख होती २४ जून, म्हणजे तिकडे पाऊस नुकता सुरू होण्याचे दिवस. राणी सरमन नावाच्या आपल्या सगळ्यात उंच हत्तीवर बसून लढली. वीरनारायण तेव्हा विशीच्या आतला. त्याने मोगलांना तीनदा मागे रेटले आणि तिसऱ्या वेळी तो जखमी झाला. राणीने त्याला सुरक्षित जागी न्यायला सांगितले. त्याच्याबरोबर बरीच माणसे गेली आणि तिच्याजवळ तीनशे उरले. ती हलली नाही.

एक बाण तिच्या उजव्या कानशिलात घुसला. तिने तो उपटून फेकला, पण टोक आत राहिले. दुसरा मानेत लागला. तोही तिने काढला, पण तिला भोवळ आली. शुद्धीवर आल्यावर तिने हत्तीवर पुढे बसलेल्या आपल्या विश्वासू सरदाराला सांगितले की शत्रूच्या हाती जिवंत पडण्याआधी त्याने आपल्याला मारावे. त्याचा हात उठेना. तो तिला रणातून बाहेर काढायला तयार होता. तेव्हा तिने स्वतःच्या खंजिराने स्वतःला संपवले. वय चाळीसच्या आत होते.

पुढचे थोडक्यात सांगते. दोनेक महिन्यांनी आसफखान चौरागडावर गेला. वीरनारायण लढून मेला आणि किल्ल्यात जोहार झाला. आसफखानाला तिथे अमाप सोने-नाणे आणि एक हजार हत्ती मिळाले. त्यातले फक्त दोनशे हत्ती त्याने अकबराकडे पाठवले आणि बाकीचे स्वतःच ठेवून घेतले. बादशहाच्या नावाने लढलेली लढाई खरी कशासाठी होती, ते एवढ्यावरून कळते.

दुर्गावतीची नावे आता खूप ठिकाणी आहेत. जबलपूरचे विद्यापीठ तिच्या नावाचे आहे. १९८८ मध्ये तिच्यावर टपाल तिकीट निघाले. विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डने बांधलेले तटरक्षक दलाचे एक गस्ती जहाज राणी दुर्गावती या नावाचे आहे. ज्या राणीने सगळे आयुष्य डोंगर आणि जंगलात काढले तिचे नाव समुद्रावर फिरते, हे वाचून मला गंमत वाटली. आमच्यातल्या नेव्हीवाल्या मुली याच जहाजाचे चित्र कपाटाच्या दाराला आतून लावून ठेवतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशातला सातवा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. सागर, दमोह आणि नरसिंहपूर या जिल्ह्यांतले जंगल, म्हणजे तिच्या राज्याचाच मुलूख. सिंगोरगडही त्याच भागात. त्याचे नाव वीरांगना दुर्गावती व्याघ्र प्रकल्प. वाघ मारणाऱ्या राणीचे नाव वाघ वाचवायच्या जागेला कसे दिले, असे मी बाबांना फोनवर विचारले. ते म्हणाले की वाघाला तिच्याइतके ओळखणारे दुसरे कोण होते ते सांग, मग ते नाव देऊ.

तिची समाधी जबलपूरहून मंडल्याला जाणाऱ्या रस्त्यावर, बरेल्याजवळ आहे. तिथे दोन मोठे गोल दगड आहेत. ते राणीचे नगारे, दगड झालेले, असे लोक मानतात, आणि रात्री ते वाजतात असेही म्हणतात. इंग्रज अधिकारी स्लीमन सुमारे दोनशे वर्षांपूर्वी या भागात होता, त्यानेही ही गोष्ट लिहून ठेवली आहे. जाणाऱ्या-येणाऱ्यांची समाधीवर खडा ठेवण्याची रीत आहे. त्या डोंगरात गारगोटीचे पांढरे चमकदार खडे मिळतात. वाटेत दिसेल त्यातला सगळ्यात चांगला खडा निवडायचा आणि तो तिथे ठेवून पुढे जायचे.

कॅडेट, इयत्ता दहावी